दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या पांढऱ्या गाडीवर सहा वर्षांत एक ओरखडा उठला नव्हता आणि मास्तरांना त्याचा कोण अभिमान होता. नवा विद्यार्थी आला की ते आधी त्याला गाडीभोवती एक चक्कर मारायला लावायचे. "बघा, हात फिरवून बघा," म्हणायचे. रोज सात-आठ शिकाऊ माणसं जिच्याशी झटापट करतात, त्या गाडीचं अंग असं तुकतुकीत पाहून नवा माणूस मनातल्या मनात हात जोडायचा. शिकवणारा असावा तर असा, असं त्याला वाटायचं. आतली गोष्ट त्याला माहीत नसायची. ती फक्त दोघांना माहीत होती, देवाला आणि मास्तरांच्या उजव्या पायाला.

शिकवण्याच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. हा दुसरा ब्रेक अडीअडचणीसाठी. समोर कुणी आडवं आलं, शिकणारा गोंधळला, तर मास्तरांनी तो दाबायचा, गाडी थांबवायची आणि मग काय चुकलं ते समजावून सांगायचं. इतका साधा मामला. पण सहा वर्षांपूर्वी एका मुलीने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि मास्तरांचा पाय पोचेपर्यंत गाडी एका गोदामाच्या भिंतीवर जाऊन आदळली. मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवड्यांत ते जुळलं, पुढे ती दुसरीकडे गाडी शिकलीसुद्धा, रस्त्यात भेटली तर हसून बोलते. मास्तरांच्या मनातून मात्र तो दिवस काही केल्या गेला नाही.

तेव्हापासून त्यांचा उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर मुक्कामालाच गेला. चौक आला, सिग्नल लाल झाला, शिकणाऱ्याने ब्रेकवर पाय ठेवला की त्याच क्षणी मास्तरांचा पायही हलकेच दाबायचा. पहिल्या वर्षी थोडं कळायचं. पुढे पाय इतका तरबेज झाला की शिकणाऱ्याला पत्ताच लागायचा नाही. गाडी रेषेवर अलगद थांबायची, त्याला वाटायचं आपणच थांबवली, आणि मास्तर म्हणायचे, "शाबास." या शाबासकीतला निम्मा वाटा कुणाचा, हे ते स्वतःलाही विचारत नसत.

आणि हेच मास्तर रोज सकाळी पहिल्या शिकवणीआधी गाडीत डोळे मिटून प्रार्थना करायचे. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला, त्यांची जागा ठरलेली. उपासनेला उशीर नाही, वर्गणीला नकार नाही, खुर्च्या उचलायला सगळ्यांच्या पुढे. माणूस भाविक होता यात शंका नाही. फक्त त्यांचा कारभार असा होता की प्रार्थना करायची देवाला आणि भरवसा ठेवायचा ब्रेकवर. आपल्यातले पुष्कळजण असंच करतात म्हणा, पण सगळ्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो.

नर्सबाई त्यांच्याकडे आल्या त्या चार महिन्यांपूर्वी. पंचेचाळिशीच्या, उंच, बोलायला मोजक्या. इस्पितळात एकोणीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या. आता आरोग्य केंद्राने एक लहान व्हॅन घेतली होती आणि शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची मलमपट्टी, औषधं, इंजेक्शनं बघणारी परिचारिका त्यांना हवी होती. अट एकच, व्हॅन स्वतः चालवता आली पाहिजे. नर्सबाईंची आई शेवटची दोन वर्षं अशाच एका वस्तीत पडून होती. तिच्याकडे परिचारिका पंधरा दिवसांतून एकदा यायची, तीसुद्धा ड्रायव्हर मिळाला तर. पाठीच्या जखमा त्या पंधरा दिवसांत काय होतात, ते नर्सबाईंना सांगायला लागत नव्हतं. म्हणून ती जागा त्यांना हवी होती.

"मला ही जागा मिळालीच पाहिजे, मास्तर," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या.

"माझ्या हाताखाली आलात ना? मग काळजी सोडा," मास्तर म्हणाले होते.

परीक्षेचे नियम कडक होते. परीक्षा कार्यालयाची गाडी, शेजारी निरीक्षक, आणि निरीक्षकाच्या पायाला त्याच्या ब्रेकची गरज पडली की परीक्षा तिथेच संपली. तीन वेळा बसता यायचं. तिसऱ्यांदा नापास झालं की वर्षभर थांबायचं. नर्सबाई पहिल्यांदा नापास झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, घाबरल्या असतील. दुसऱ्यांदा नापास झाल्या तेव्हा त्या हातात कागद घेऊन सरळ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आल्या. कागदावर निरीक्षकसाहेबांनी लिहिलं होतं: थांबण्याच्या रेषेपुढे तीनदा. ब्रेक अपुरा.

"एक विचारू?" नर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत मी नुसता पाय ठेवते आणि गाडी थांबते. त्यांच्या गाडीत तसाच पाय ठेवला तर गाडी ऐकतच नाही. असं कसं?"

मास्तरांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. प्रश्नाचं उत्तर टेबलाखाली, त्यांच्या उजव्या बुटात होतं. पण माणसाची जीभ अडचणीत फार चपळ होते.

"त्यांच्या गाडीचे ब्रेक जड आहेत," ते म्हणाले. "पुष्कळांची तक्रार आहे."

"असं होय," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांचा विश्वास बसला. एकोणीस वर्षं ज्यांनी डॉक्टरांचं अक्षर वाचलं त्यांना मास्तरांचा चेहरा वाचता आला नाही, कारण तो वाचायचं त्यांच्या मनातच आलं नाही. "मग मी जरा जोर लावीन. तिसरी परीक्षा तीन आठवड्यांनी आहे. केंद्राचे डॉक्टर म्हणालेत तोवर थांबतो, पुढे नाही."

त्या गेल्यावर मास्तरांनी आठ-दहा वर्षांची जुनी रजिस्टरं काढली. अपघाताआधी त्यांच्याकडची दहातली आठ माणसं पहिल्या फटक्यात पास व्हायची. नंतर चार, कधी तीन. ते आजवर निरीक्षकाला खडूस म्हणत आले होते. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि ते पाणी प्यायले.

पुढचा रविवार उजाडला. मास्तरांची बायको, जिला सगळी मंडळी मास्तरीणबाई म्हणत, चर्चच्या मागच्या खोलीत रविवारच्या शाळेचा वर्ग घ्यायची. तिच्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव मास्तरीणबाईने प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, कारण त्या पोरीचं एकही वाक्य पूर्णविरामावर थांबत नसे. त्या दिवशी पाठ होता होडीचा. वादळ, काळोख, शिष्यांची पाचावर धारण बसलेली आणि येशू पाण्यावरून चालत येतो. शिष्यांतला पेत्र म्हणतो, मलाही येऊ दे. येशू म्हणतो, ये. पेत्र होडीतून उतरतो, चार पावलं चालतो, वाऱ्याकडे बघून घाबरतो आणि बुडायला लागतो. तो ओरडतो, तेव्हा येशू हात पुढे करून त्याला धरतो.

दुपारी जेवताना मास्तरीणबाई म्हणाली, "आज प्रश्नचिन्हाने माझी दांडी उडवली. म्हणते, पेत्र बुडणार हे येशूला आधीच माहीत होतं ना, मग त्याने होडीपासूनच त्याचा हात धरून का नाही आणलं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. तुम्ही सांगा बघू काहीतरी."

मास्तरांना शिकवायला आवडायचं, त्यातून बायकोला शिकवायचं म्हणजे दुधात साखर. ते ऐटीत म्हणाले, "त्यात काय? आधीपासून धरून आणलं असतं तर पेत्र पाण्यावर चाललाच नसता. येशू चालला असता आणि पेत्र नुसता लोंबकळत गेला असता. वर आयुष्यभर सांगत फिरला असता की मी चाललो. पुढच्या वेळी एकटा उतरला असता तर तळालाच गेला असता."

एवढं बोलले आणि हातातला घास हातातच राहिला.

"अहो, काय झालं?" मास्तरीणबाईने विचारलं.

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं पाणी पुढे सरकवलं. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. भिंत, पाय, शाबासकी, जड ब्रेक, रजिस्टर. सांगताना ते तिच्याकडे न बघता ताटाकडे बघत होते.

"मी वाईट नाही ग," शेवटी ते म्हणाले. "कुणाला लागू नये एवढंच होतं."

"माहीत आहे मला."

"काय करू?"

"देवाला सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचं? त्याला माहीतच आहे."

"मग जिला माहीत नाही तिला सांगा," मास्तरीणबाई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सल्ला सोपा होता, म्हणून मास्तरांनी तो टाळला. त्यांनी रात्रभर विचार करून एक मधली वाट काढली. सांगायचं काही नाही, गुपचूप पाय काढून घ्यायचा. पश्चात्ताप म्हणजे तरी काय, चूक थांबवणंच ना? मग थांबवली. नाव राहील, नोकरी राहील, देवही खूश. सोमवारी सकाळी त्यांनी डोळे मिटून तसं देवाला कळवूनही टाकलं आणि उजवा पाय ब्रेकवरून उचलून सीटखाली ओढून घेतला.

पहिल्याच सिग्नलला गाडी रेषेच्या दोन हात पुढे गेली. रस्ता ओलांडणारा एक म्हातारा छत्री उगारून काहीबाही बोलला. पुढच्या चौकात नर्सबाईंनी घाबरून इतका जोर लावला की गाडी धक्का खाऊन बंद पडली आणि मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. तिसऱ्या ठिकाणी गाडी थांबली, पण फूटपाथवर एक चाक चढवून. मास्तर घामाघूम झाले होते, पण पाय त्यांनी हलवला नाही. आपण किती मोठा त्याग करतोय, असंच त्यांना वाटत होतं.

नर्सबाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मास्तर, मी आज अर्ज मागे घेते."

"अहो, एक दिवस वाईट जातो कधी कधी."

"नाही. चार महिने येत होतं ते आज येत नाही. म्हणजे माझ्यातच खोट आहे. मला तेव्हा बरोबर येत होतं ना? तुम्हीच म्हणायचात शाबास. आता हातपायच ऐकत नाहीत. उद्या व्हॅनमध्ये असं झालं आणि समोर कुणाचं लेकरू आलं तर? जाऊ दे. आईच्या वेळी काही जमलं नाही, आताही नाही जमणार." त्यांचा आवाज वॉर्डमधल्यासारखाच सरळ होता, पण डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

मास्तरांच्या मनात आलं, हिने अर्ज मागे घेतला तर प्रश्नच मिटला. कुणाला काही कळणार नाही. हा विचार त्यांच्या मनात आला, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढे ते स्वतःही तो कधी लपवत नसत. मग त्यांना दिसलं की आपण चूक थांबवली खरी, पण तिचं ओझं उचलून या बाईच्या डोक्यावर ठेवलं. ही आता बुडतेय आणि आपल्याच चुकीने बुडतेय. इथे हात पुढे करायचा नाही तर कधी?

"नर्सबाई, त्यांच्या गाडीचे ब्रेक जड नाहीत," ते म्हणाले.

नर्सबाई त्यांच्याकडे वळल्या.

"गाडी तुम्ही थांबवत नव्हता. मी थांबवत होतो. तुमचा पाय पडला की मी इथून दाबायचो. चार महिने. आज मी पाय काढला म्हणून हे झालं. तुमच्यात खोट नाही. तुम्हाला थांबायला मी शिकवलंच नाही. आणि परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो."

नर्सबाई दार उघडून उतरल्या. मास्तरांना वाटलं, गेल्या. पण त्या गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी आल्या.

"उतरा जरा."

मास्तर उतरले. नर्सबाई त्यांच्या जागेवर बसल्या, वाकून खाली पाहिलं, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवला आणि तो दोन-तीनदा दाबून पाहिला.

"हाच का?"

"हाच."

"किती वेळा?"

"प्रत्येक वेळा."

फूटपाथवरून येणारीजाणारी माणसं, आत रुबाबात बसलेली बाई आणि बाहेर शाळकरी पोरासारखे उभे असलेले मास्तर, असा देखावा बघत पुढे जात होती.

"मी पहिलं इंजेक्शन दिलं," नर्सबाई सावकाश म्हणाल्या, "तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. पेशंट माझ्याकडे बघत होता, आणि ही बाई मदत करेना. मी मनात तिला काय काय म्हटलं ते सांगत नाही. पण दुसरं इंजेक्शन मी एकटीने दिलं. तुम्हाला मदत करू नका असं कुणी सांगितलं नाही का कधी?"

"सांगितलं. कालच. सात वर्षांच्या एका मुलीने."

नर्सबाईंना यातलं काही कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्या रागावल्या होत्या आणि तो राग त्यांनी लपवला नाही. "मी दुसऱ्या मास्तरांकडे जाऊ शकते. जायलाच पाहिजे खरं तर. पण नवा माणूस मला पहिल्यापासून सुरू करायला लावेल आणि माझ्याकडे तीन आठवडे आहेत. शिवाय तुम्ही आज बोललात. बोलला नसता तर मी गेलेच होते." त्या खाली उतरल्या. "उद्या सकाळी सहाला, जुन्या गोदामामागच्या मैदानात. आणि बूटमोजे काढून, सीटवर मांडी घालून बसायचं. पाय खाली सोडलेला मला दिसता कामा नये."

"आणि काही झालं तर?"

"मध्ये हातब्रेक आहे. मी हाक मारली तर ओढा. मारली तरच."

संध्याकाळी हे ऐकून मास्तरीणबाई हसली. "जोडे काढ, ही जागा पवित्र आहे, असं देवाने मोशेला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला नर्सबाईंनी सांगितलं. जा, ती जागाही पवित्रच असेल."

जुन्या गोदामामागचं मैदान म्हणजे तेच, सहा वर्षांपूर्वीच्या अपघाताचं. नर्सबाईंना माहीत नव्हतं, पण त्या भिंतीवर सिमेंटचं एक ठिगळ होतं, आणि ते कुठून आलं ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पहाटेच्या गारठ्यात त्यांनी बूट काढून मागच्या सीटवर ठेवले, मोजे त्यात कोंबले आणि मांडी घातली. माणूस तसा पोटाने सुटलेला, सीट अरुंद, गुडघा एकीकडे दाराला टेकलेला. या अवस्थेत कुणाला मोठेपणा दाखवता येत नाही.

"भिंतीकडे चालवा," ते म्हणाले, "आणि ठिगळासमोर थांबा."

गाडी निघाली. मास्तरांचा पाय मांडीखाली तडफडत होता. ठिगळ मोठं होत चाललं. त्यांच्या ओठांवर रोजची प्रार्थना आली, सांभाळ, सांभाळ. पण या वेळी ती खरोखरच प्रार्थना होती, कारण आता त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. भिंत दहा हातांवर आली, आठ, सहा.

"मास्तर," नर्सबाईंनी हाक मारली.

त्यांनी हातब्रेक ओढला. गाडी कुरकुरत भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. भिंत होती तिथेच होती, कुणाचं हाड मोडलं नव्हतं. हाक आली होती आणि हात पोचला होता.

"काय चुकलं, तुम्ही सांगा," ते म्हणाले.

नर्सबाईंनी विचार केला. "पाय ठेवला. दाबलाच नाही. वाटलं, ठेवला की झालं."

"तसंच. आता बघा, टाच खाली टेकवा आणि चवड्याने दाबा. आधी हलकं, मग पक्कं, आणि गाडी थांबायला आली की जरा सैल सोडा, म्हणजे धक्का बसत नाही. क्लच शेवटी."

बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की हे शब्द त्यांच्या तोंडून सहा वर्षांत निघालेच नव्हते. पाय काम करत होता, मग तोंडाला काम कशाला? त्या सकाळी नर्सबाईंनी भिंतीकडे चौदा वेळा गाडी नेली. हाक मारली ती तीनदा. शेवटच्या खेपेला गाडी ठिगळासमोर अशी थांबली की मास्तरांच्या तोंडून आपसूक शाबास निघालं.

दोन आठवड्यांनी त्या भर बाजारातून गाडी नेऊ लागल्या. चढावर थांबून पुन्हा उचलायच्या. मास्तर शेजारी मांडी घालून बसलेले, आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षातले लोक वाकून वाकून बघायचे. नर्सबाई कधी चुकायच्या, कधी चिडायच्या, एकदा म्हणाल्या, "तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही." मास्तर म्हणाले, "घाई नाही." हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण पुढच्या चौकात त्या पहिल्यांदा हसल्या.

परीक्षेच्या दिवशी मास्तर कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले होते. निरीक्षकसाहेब आले, नर्सबाई आत बसल्या, गाडी फाटकातून बाहेर पडली. एरवी अशा वेळी मास्तर देवाला सविस्तर सूचना द्यायचे, हिला पास कर, त्याला सिग्नल हिरवा मिळू दे, साहेबांचा मूड चांगला ठेव. त्या दिवशी त्यांना सूचना सुचल्या नाहीत. ती आत आहे, तू तिच्याबरोबर आहेस, मी बाहेर आहे, एवढंच ते मनात म्हणाले. आणि मग त्यांना कळलं की हे नेहमीच असं होतं. त्यांनी बूट काढले आणि बाकावर मांडी घातली. शेजारी वाट बघत बसलेला गृहस्थ जरा सरकून बसला.

पंचवीस मिनिटांनी गाडी परत आली आणि पांढऱ्या रेषेवर थांबली. रेषेच्या पुढे नाही, मागे नाही. साहेब खाली उतरले, कागदावर सही केली, मास्तरांच्या उघड्या पायांकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता आत गेले. नर्सबाई बाकापाशी आल्या आणि कागद पुढे धरला. पास, असं वर होतं. खाली त्याच रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: थांबणे चांगले.

"एकदाही हाक मारावीशी वाटली नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आणि राग गेला. म्हटलं सांगून टाकावं."

मास्तरांनी बूट चुकीच्या पायांत घातले.

त्यानंतर त्यांनी दोन कामं केली. गॅरेजवाल्याकडून आपल्या ब्रेकला एक घंटी बसवून घेतली. तो ब्रेक जरा जरी दाबला गेला तरी ती वाजते आणि शेजारच्याला कळतं की आता गाडी मास्तरांनी थांबवली. गॅरेजवाला म्हणाला, हे काय खूळ? मास्तर म्हणाले, माझ्या पायावर पहारा. दुसरं काम अवघड होतं. रजिस्टरमधून त्यांनी नापास होऊन शिकणं सोडलेल्यांची नावं काढली, अकरा निघाली. प्रत्येकाला फोन करून त्यांनी तेच सांगितलं जे नर्सबाईंना सांगितलं होतं, आणि पुन्हा या, मी नीट शिकवतो, म्हणाले. दोघांनी फोन ठेवला. एकाने अर्धा तास झाडलं, ते त्यांनी फोन न ठेवता ऐकलं. पाचजण परत आले. त्यांतल्या एकाने पहिल्याच आठवड्यात गाडी फाटकाला घासली आणि दारावर वीतभर ओरखडा उठला. मास्तरांनी तो रंगवून घेतला नाही. आता नवा विद्यार्थी आला की ते त्याला गाडीभोवती चक्कर मारायला लावतात, त्या ओरखड्यापाशी थांबवतात आणि म्हणतात, "हा बघा. हा ज्याने काढला तो माणूस आज स्वतः गाडी चालवतो."

एका रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दाराशी आरोग्य केंद्राची निळी व्हॅन उभी होती. नर्सबाई चर्चला येणाऱ्यांतल्या नव्हत्या. मास्तर-मास्तरीणबाईंना घरी सोडायला त्या मुद्दाम आल्या होत्या. मागे औषधांच्या पेट्या, पट्ट्यांची खोकी, एक घडीची खुर्ची. आठवडाभरात बावीस घरं झाली, त्या सांगत होत्या. एका आजोबांच्या पाठीची जखम भरत आली होती. मास्तरीणबाई मागच्या सीटवर बसली, मास्तर पुढे.

उताराच्या रस्त्याला लागल्यावर खाली चौक दिसला. सिग्नल लाल झाला. व्हॅनमध्ये मास्तरांच्या पायाशी ब्रेक नव्हता, नुसती रबराची चटई होती, तरी त्यांचा उजवा पाय त्या चटईवर गच्च दाबला गेला. नर्सबाईंनी समोरून नजर न काढता व्हॅन अलगद रेषेवर आणून थांबवली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पाय."

मागून मास्तरीणबाईचं हसू ऐकू आलं. मास्तर खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.